बंदुकीची राखण

“माका येवक जमाचा नाय. घरात ती आसा.”

लग्न असो, बारसं असो, आमच्या शेजारच्या काकांचं हे उत्तर ठरलेलं. नव्या माणसाला वाटायचं, बायको अंथरुणाला खिळलेली असणार. बायको कधीच वारली होती. ‘ती’ म्हणजे परवान्याची एकनळी बंदूक. आमच्या हिने मला एकदा ऐकवलंच, “बघा, लोक बंदुकीसाठीसुद्धा घरी थांबतात!”

मालवणपासून जरा आत, काजूच्या बागेत त्यांचं आणि आमचं, अशी दोनच घरं. मागे चोरी झाली म्हणून स्वसंरक्षणासाठी त्यांनी ती घेतली. तुम्ही विचाराल, उपयोग झाला का? झाला असता. एका दुपारी चोर पडवीतला पाण्याचा पंप उचलू लागला. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप. काडतुसं पेटीत, तिलाही कुलूप. चाव्या देवघरात आणि चष्मा विहिरीवर. सगळं जमवून काका बाहेर आले तेव्हा चोर पंपासकट रस्त्याला लागला होता. मीही शेजारधर्म पाळला. कडी आतून घातली आणि खिडकीतून ओरडलो.

“देऊन टाका ना ती परत,” मी नंतर म्हटलं.

“आपणहून दिलंय तर लोक म्हणतले, भियालो.”

“मग घर बंद करून जात जा कुठे तरी.”

“खुळो काय रे तू? बंद घरातसून ती चोरीक गेली तर बेडी माका पडतली!”

सुटका व्हायची ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. गाव उमेदवारांवर वाद घालायचा. काका एसटीच्या वेळा विचारत फिरायचे. बंदूक जमा केली की थेट वैभववाडीच्या आतल्या गावी, थोरल्या बहिणीकडे. तिथे वस्तीची एकच गाडी. संध्याकाळी पोचते, सकाळी परत फिरते. म्हणजे मुक्काम आलाच.

यंदा आक्का आजारी पडली. काकांचा फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू यायचं.

“एक रात रवान जा रे. तुका बघूचा आसा.”

“येतंय गो आक्का. निवडणूक लागांदे.”

“ती निवडणूक माझ्यासाठी थांबतली काय?” आक्का हसली. काकाही हसले.

मी म्हटलं, “तुम्ही जा. तुमच्या घरी मी झोपतो.” काकांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विषय बदलला.

थोड्याच दिवसांत भाच्याचा फोन आला. आक्का गेली. काका पिशवी घेऊन निघाले. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. अंगणापर्यंत गेले, परत येऊन ओढून पाहिलं. असं कितीदा तरी. मग पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. एसटी सुटायची वेळ टळून गेली तरी तसेच.

पुढच्याच महिन्यात आचारसंहिता लागली. मी त्यांना स्कूटरवरून ठाण्यात नेलं. बंदूक जमा करून ते बाहेर आले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी दोन्ही हात पाठीमागे बांधून ते माझ्यासमोर उभे राहिले.

“आता खंय जाऊचा, सांग.”