प्लेटिंगच्या टाक्या कुठे होत्या?

आठ ठिकाणी ड्रिल करून काढलेली माती लॅबमधून स्वच्छ ठरून आली. कारखाना तीस वर्षं नळांना क्रोम प्लेटिंग करत होता, म्हणजे चकाकी यावी म्हणून नळ क्रोमियमच्या द्रावणात बुडवत होता. तीस वर्षांत ते द्रावण कधी जमिनीवर सांडलंच नाही, यावर विश्वास ठेवण्याइतकी मी या धंद्यात नवी नव्हते.

बंद कारखान्याच्या जागेवर इमारत उभी राहण्याआधी जमिनीत विष उरलंय का ते तपासायचं आणि असेल तर ते काढून घ्यायचं, हे माझं काम. प्लेटिंगचा क्रोमियम पाण्यात विरघळतो आणि झिरपत बोअरवेलपर्यंत पोचतो. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरचा धोका असतो. पुण्याच्या कडेला या जागेवर होणारी सोसायटी बोअरवेलच्या पाण्यावरच राहणार होती.

"मॅडम, रिपोर्ट क्लीन आहे," बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर देशमुख म्हणाले. "सहीसाठी मुहूर्त बघायचाय का?"

"दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत माती बदलणार आहे?"

"माती नाही. माझं मत बदलू शकतं."

जमीन गावातल्या एका कुटुंबाची होती. बदल्यात त्यांना फ्लॅट मिळणार होते. त्यांच्यातले किसनमामा याच कारखान्यात वीस वर्षं प्लेटिंगवर होते. आता घरचे नऊ जण भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. सुरुवातीलाच मी मामांना विचारलं होतं, टाक्या कुठे होत्या? "नकाशात हाय तिथंच," ते म्हणाले होते. मंजूर नकाशात टाक्या ईशान्य कोपऱ्यात होत्या. म्हणून आठांपैकी सहा भोकं मी तिथेच पाडली. बाकी जागेला दोन पुरतील असं मानलं, ही माझी चूक.

त्या दुपारी मामा आणि मी कारखान्याच्या शेडच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. नवरात्र चालू होतं. मी सहज विचारलं, "मामा, खंडेनवमीची पूजा कशी करायचात इथे?"

मामा खुलले. "लई झोकात. मशिनी धुवून काढायचो. तिथं, मोठ्या टाकीला हार घालायचो. शेठ सोता नारळ फोडायचे."

त्यांचा हात समोरच्या भिंतीकडे गेला होता. ईशान्य आमच्या पाठीमागे होती. हात हळूहळू खाली आला.

"टाकी तिथे होती?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वास्तुवाल्यानं शेठना सांगितलं, ईशान्य देवाची, तिथं असल्या टाक्या नकोत. हलवल्या. नकाशा कोण बदलतंय?"

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीजवळ ड्रिल लावलं. हातभर खोलीवर हिरवट-पिवळी माती लागली. मला मामांपेक्षा माझाच राग आला. माझ्या सहीवर तिथे लहान मुलं राहायला आली असती.

देशमुखांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दूषित माती बंद ट्रकांतून घातक कचऱ्याच्या केंद्रात गेली. जमिनीतलं पाणी उपसून शुद्ध करावं लागलं. बांधकाम वर्षभर थांबलं. मामांच्या नातीचं लग्न नव्या घरातून व्हायचं होतं, ते भाड्याच्या खोल्यांतूनच झालं. माझ्यामुळे झालं, असं मला वाटत राहिलं. तरी मला पत्रिका आली आणि मी गेले.

पंगतीत मामा वाढायला माझ्यापाशी आले.

"ताई, तुमी परत टाकीचं इचारलं असतं ना, तर मी परत खोटंच बोललो असतो. घराच्या पायी." त्यांनी पानात जिलेबी ठेवली. "तुमी पूजेचं इचारलंत. तिथं जीभ वळली नाही."

आता मी नकाशा सगळ्यात शेवटी उघडते.