पाच चेहरे आणि अर्धा तास

माझ्या कपाळावर एके काळी इतकं तेल यायचं, की आमच्या मजल्यावरच्या बायकांनी त्यात भजी तळली नाहीत ती केवळ शेजारधर्म म्हणून. आणि त्याच चेहऱ्यावर, चार बोटं खाली, गालांचे असे पापुद्रे सुटायचे की मे महिन्यातल्या तळ्याने येऊन माझ्याकडे शिकवणी लावावी. एकाच तोंडात दोन जिल्हे, दोन्हीकडे वेगळा कलेक्टर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद.

असं तोंड घेऊन मला काउंटर हवं होतं.

मी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका कटलरीच्या दुकानात कामाला होते. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडरी, मेंदीचे कोन, बाईला लागतं ते सगळं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. गल्ल्यावर काकू बसायच्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई, आणि सुटे पैसे परत देतानासुद्धा चूक काढायच्या. मी वर पोटमाळ्यावर बांगड्यांचे बॉक्स लावायचे. तीन वर्षं. पोटमाळ्यावर सरळ उभं राहता येत नसे. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे हे मी त्या काळात फक्त रविवारी अनुभवायचे. शिवाय मला बोलायला लागतं, आणि वर ऐकायला बांगड्याच. त्याही मधेच फुटायच्या.

खाली दर्शनी भागात काचेचं काउंटर होतं. फेसवॉश, क्रीम, लोशन. तिथे कंपनीने पाठवलेली एक गुळगुळीत मुलगी उभी राहायची. ती लग्न करून नाशिकला गेली आणि काउंटर रिकामं झालं. त्याच संध्याकाळी मी जिना उतरून काकांसमोर उभी राहिले.

"मी सांभाळते."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, तुला बोलता येतं, माल पाठ आहे, हे मला मान्य. पण त्या काउंटरवर चेहरा हीच पाटी. गिऱ्हाईक आधी तुझ्याकडे बघणार, मग बाटलीकडे."

"महिनाअखेरपर्यंत बघा."

"बघतो. कंपनीला मात्र मी सांगून ठेवलंय. एक तारखेला त्यांची मुलगी येणार. त्याआधी काही चमत्कार झाला तर बोल."

म्हणजे माझ्याकडे तीस दिवस होते. नाहीतर पुन्हा पोटमाळा, आणि तोही कायमचा, कारण कंपनीच्या मुली एकदा आल्या की लग्न झाल्याशिवाय हलत नाहीत.

मी युद्ध पुकारलं. आमचं घर तिथून लोकलने दिव्याला. पाणी बोअरचं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, ती फक्त वैतागते. बादलीच्या आत क्षाराचा असा थर चढतो की वीस लिटरची बादली दोन वर्षांत पंधरा लिटरची होते. अशा पाण्यात माझ्या आईने संसार केला, आणि स्वच्छतेची परीक्षा ती कानाने घ्यायची. धुतलेल्या ताटावरून बोट फिरवायचं. करकर वाजलं तर ताट स्वच्छ, नाही वाजलं तर परत घास. हाच नियम तिने पोरांच्या तोंडांना लावला होता. लहानपणी शाळेत जाताना ती दारात उभी राहून माझ्या गालावरून अंगठा फिरवायची, आणि गाल वाजला नाही तर मला मोरीत परत पाठवायची.

त्यामुळे मी करकरीच्या मागे लागले. दुकानातल्या नमुन्याच्या बाटल्या, तळाशी उरलेल्या ट्यूबा, सगळं घरी नेलं. कडुलिंबाचा फेसवॉश, कोळशाचा काळा फेसवॉश, आक्रोडाच्या टरफलांचा स्क्रब, वर मुलतानी माती. दिवसातून पाच वेळा. चेहरा असा वाजायला लागला की समोरच्या विंगमधले आजोबा दार उघडून बघायचे, बिजागरीला तेल घालायचं राहिलं की काय म्हणून. आई खूश. पण गालांची सालं वाढली, आणि कपाळाने हा अपमान मनावर घेऊन दुप्पट तेल काढायला सुरुवात केली. हनुवटीवर फोड आले. ते एकटे कधी येत नसत, नातेवाईक घेऊन येत.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या बेसिनवर तोंड धूत होते. नौपाड्यात पाणी महापालिकेचं. साबण निघतच नव्हता. पाणी मारलं तरी चेहरा बुळबुळीत. मी घासतेय, परत धुतेय, परत घासतेय. मागून काकूंचा आवाज आला.

"चेहरा आहे की परात?"

"साबण जात नाहीये, काकू. बघा ना, अजून वाजत नाही."

"काय वाजत नाही?"

मी त्यांना आईची परीक्षा सांगितली. काकूंनी डोळे मिटून घेतले, शाळेत शेवटच्या बाकावरचं उत्तर ऐकल्यावर मिटत असतील तसे.

"वेडे, हे पाणी हलकं आहे. साबण केव्हाच गेला. बोटाला लागतेय ती तुझी कातडी. तुमच्या जड पाण्यात क्षार आणि साबण मिळून साका होतो, तो चेहऱ्यावर बसतो आणि वाजतो. आणि साका नसताना वाजलाच, तर समज अंगचं तेल ओरबाडून काढलंस. मग कपाळ घाबरून आणखी तेल सोडतं. तू पाच वेळा धुतेस म्हणून ते तेलकट आहे."

"म्हणजे मी बारा दिवस..."

"बारा नाही. सव्वीस वर्षं."

त्यांनी काउंटरवरची सगळ्यात मागची बाटली काढली. फेस न येणारं, वास नसलेलं, पांढरं, पातळ ताकासारखं क्लेन्झर. कुणी घेत नसे, कारण त्याच्यावर ना कडुलिंबाचं पान, ना कोळसा, ना हसणारी बाई. "सकाळ-रात्र दोनदा. बोटांनी हलकं फिरव. टॉवेल घासू नकोस, नुसता टेकव. आणि शेवटचा हबका या नळाच्या पाण्याचा मार."

शेवटची अट अवघड होती. पण ठाण्याहून माणसं घरी मिठाई नेतात, मी पाणी न्यायला लागले. पाच लिटरचा कॅन, रोज. तिसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी पसरली की मी कुठल्याशा तीर्थाचं पाणी आणते. शेजारची वहिनी चमचा घेऊन आली. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, चमचाभर दिलं. चौथ्या दिवशी तिच्या सासूचा गुडघा बरा झाला. पाचव्या दिवशी दाराबाहेर सात जणी वाट्या घेऊन उभ्या, आणि मला तोंड धुवायला जेमतेम तांब्याभर उरलं. आई पहिल्यांदा बोटाने तपासायला आली, गाल वाजला नाही, तेव्हा म्हणाली, "अगं, अस्वच्छ राहिलीस." आठवड्याने परत तपासला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्याच रात्री तिने गुपचूप माझी बाटली वापरली, ते मला झाकण उलटं बसलेलं होतं त्यावरून कळलं.

कपाळावरचं तेल भज्यांवरून फोडणीपुरतं झालं. गाल शिवले गेले. पण हनुवटीवर तीन फोड राहिले, आरक्षण असल्यासारखे.

महिना संपायला सहा दिवस होते. काउंटर रिकामंच होतं, म्हणून गर्दी झाली की काका मला खाली बोलवायचे. तशी त्या दिवशीही बोलावली. दुकानात पाच बायका शिरलेल्या. कल्याणजवळच्या गावातल्या. पूर्वी भातशेती होती, आता शेतावर टॉवर उभे आहेत. पुढे एक मावशी. अंगावर इतकं सोनं की दुकानातली ट्यूबलाइट काकांनी बंद केली असती तरी चाललं असतं. मागे तिची लेक, म्हणजे नवरी, आणि नवरीची आजी, काकू आणि वहिनी.

"आठ दिवसावर पोरीची हलद हाय," मावशी म्हणाली. "तो काला फेसवॉश दे, कोलशाचा. दोन डझन. घरातल्या सगल्या बायांना येकच."

काका तोवर स्टुलावर चढून खोका ओढायला लागलेलेही. मी नवरीकडे बघितलं. गाल लाल, ताणलेले, चकचकीत. नाकाशेजारी खरवडल्यासारखा चट्टा.

"तू आत्ता हाच वापरतेस?"

"हां, दिवसातून चार वेळा. ग्लो यायला पाहिजे ना. जाम जळतं, पण रीलमध्ये बोललेले, जळतं म्हणजे काम करतंय."

मी हातात घेतलेली कोळशाची बाटली परत फळीवर ठेवली. "मावशी, हा मी तुम्हाला देणार नाही."

काका स्टुलावर जिथल्या तिथे थांबले. एक हात खोक्यावर, एक हवेत. चोवीस बाटल्यांचं गिऱ्हाईक मी हाताने परत पाठवत होते, आणि काउंटर अजून माझं झालंही नव्हतं.

मावशीने मला न्याहाळलं, हनुवटीपाशी थांबली. "तुज्या तोंडाला काय झालाय गो बाय? आनि तू मना शिकवतंस?"

"हेच झालंय, मावशी. तुम्ही मागताय तेच. पंधरा दिवसांपूर्वी आला असतात तर मला बघून दारातून पळाला असतात. काकूंना विचारा."

काकूंनी गल्ल्यातून मान वर न करता सांगितलं, "पळाला असतात."

आजी पहिली हसली. मग वहिनी. मावशी हसली नाही, पण पर्स काउंटरवर टेकवली.

"मंग काय देतंस?"

"आत्ता काहीच नाही. पाची जणी मागे जा, मी देते त्याने तोंड धुवा, टॉवेल नुसता टेकवा, आणि अर्धा तास काही न लावता बसा. मग चेहरा स्वतःच सांगेल त्याला काय हवंय."

"अर्ध्या तासात मी कल्यानला जाऊन येन."

"जा की. पण तोंड धुऊन जा."

ती गेली, पण बेसिनकडे. पाच स्टुलं मांडली. पाच बायका, ओल्या चेहऱ्यांच्या, ना पावडर ना लिपस्टिक, ओळीने बसलेल्या. काकांचा चेहरा सहावा, आणि सगळ्यात कोरडा. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे दुकान आहे, दवाखाना नाही. गिऱ्हाईक बसून राहिलं तर मी काय खाऊ?"

पण पाच बायकांना बांगड्यांच्या दुकानात अर्धा तास नुसतं बसवू शकेल असा पुरुष अजून जन्मलेला नाही. पाचव्या मिनिटाला आजी म्हणाली, "तो हिरवा चुडा दाखव रे." आठव्या मिनिटाला वहिनीला जोडवी दिसली. पंधराव्या मिनिटाला काका पोटमाळ्यावर चढत-उतरत होते, आणि अर्ध्या तासात इतका माल खाली आला की वजन कमी झाल्यामुळे छप्पर दोन इंच वर गेलं.

मग मी टिश्यूचे तुकडे घेतले आणि एकेकीच्या कपाळावर, नाकावर, गालांवर टेकवले. मावशीचा कागद सगळीकडे पारदर्शक झाला, त्यातून गल्ल्यावरच्या काकू दिसत होत्या. तेलकट. तिला फेस येणारं जेल, पण दोनदाच. आजीचा कागद कोरा, आणि ती म्हणाली कातडी ओढल्यासारखी वाटते. कोरडी. तिला मलईसारखं, बिनफेसाचं. वहिनीचं कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे. "तू माझी बहीण," मी म्हणाले, आणि मागच्या फळीवरची पांढरी बाटली तिला दिली. नवरीच्या काकूचा कागद ना ओला ना कोरा.

"तुम्हाला काही नको. जे लावता तेच चालू ठेवा."

ती बिचारी दुखावली. "म्हंजी मी येकटीच रिकाम्या हाताने जाऊ?"

तिने रागाने आणखी दोन डझन बांगड्या घेतल्या.

नवरीला मी शेवटी घेतलं. "तुझं सगळं बंद. कोळसा, स्क्रब, सगळं. ही बिनवासाची बाटली, बोटभर, दोनदा. नवं काही आठ दिवसांत लावायचं नाही. आणि हा चट्टा माझ्या हातातला नाही. समोरच्या जिन्यावर त्वचेचे डॉक्टर आहेत, आधी त्यांना दाखव. हळद चालेल का तेही त्यांनाच विचार."

चोवीसच्या जागी चार बाटल्या गेल्या. मावशी दारातून वळून काकांना म्हणाली, "पोरगी तोंडावर बोलते." ते कौतुक होतं की तक्रार, हे काकांना चार दिवस कळलं नाही.

पाचव्या दिवशी कळलं. महिन्याची शेवटची तारीख. सकाळी अकराला दुकानासमोर एक टेम्पो उभा राहिला आणि मावशी उतरली. मागून नवरी. गालांची लाली गेलेली, चट्टा फिकट, चेहरा शांत झोपून उठल्यासारखा. डॉक्टरांनी मलम दिलेलं, आणि हळद फक्त हातापायांना, असं ठरलेलं. तिच्यामागून बायका उतरायला लागल्या. मी अकरापर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. टेम्पोत तेवढ्या मावतील असं मला आजही पटत नाही.

"यांना बसव," मावशी म्हणाली. "सगल्यांना अर्धा तास. मी सांगितलाय, ती पोरगी दोन डझन मागितलं तर चार देते, पन बरोबर देते."

स्टुलं पुरेनात. शेजारच्या चहावाल्याची दोन बाकं आली, समोरच्या क्लिनिकने खुर्च्या दिल्या. फुटपाथवर बिनपावडरीच्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि येणारे-जाणारे विचारत होते, फुकट काय वाटतायत.

त्या गर्दीतच काकांचा फोन वाजला. कंपनीचा माणूस. मी टिश्यू हातात धरून उभी राहिले.

"हां, उद्याची मुलगी," काका म्हणाले. "नको पाठवू. आम्हाला मिळाली... नाही, दुकानातलीच... चेहरा? आहे की, एक चेहरा आहे तिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हनुवटीवर दोन-तीन फोड आहेत. ते राहू देत. गिऱ्हाईक त्यावर विचारतं, आणि मग ती बोलायला लागते."

फोन ठेवून ते काउंटरच्या आतल्या बाजूने बाहेर आले आणि मला आत जायला जागा करून दिली. मी आत गेले, पाठ सरळ केली, सातव्या बाईच्या कपाळावर टिश्यू टेकवला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाले,

"काका, हिरवे चुडे काढा. मागच्यांना अजून वीस मिनिटं आहेत."