फळ्यावरचा समुद्रघोडा

समुद्रघोड्यापायी माझी नोकरी गेली, असं सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी त्या माणसांचे चेहरे आठवले की माझे कान तापतात.

मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्यानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीत राहायची आणि मिरजोळ्याच्या पलीकडच्या एका गावात, हायस्कुलात विज्ञान शिकवायला एसटीने जायची. नेमणूक तात्पुरती. शाळेच्या व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचा रिवाज होता. खरे बोलावे, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, असलं काहीतरी. पोरं समोरून रांगेने जायची, पण एकही मान तिकडे वळत नसे. मी मुख्याध्यापकांना विचारलं, त्या फळ्यावर प्राण्यांची कोडी घालू का? त्यांच्या तोंडात पान होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

पहिलं कोडं मी म्हाकुलाचं, म्हणजे स्क्विडचं घातलं. ‘काळजं तीन, रक्त निळं, आणि तरी तुमच्या कालवणात. ओळखा मी कोण?’ मधल्या सुट्टीत फळ्यासमोर ही झुंबड! उत्तर सांगितलं तर कोणी विश्वासच ठेवेना. एक पोरगी म्हणाली, “बाई, काल आमच्यात म्हाकूलच होता. आईनं साफ केलान, रक्त काय निळा दिसला नाय.” मग म्हाकूल मेल्यावर रक्त निळं का दिसत नाही, यावर माझा अख्खा तास गेला. फुलपाखरू पायांनी चव घेतं हे लिहिलं, त्या दिवशी वर्गातली निम्मी पोरं अनवाणी पाय गुळाच्या खड्यावर ठेवून बघत होती. असा वर्ग मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

मग एका सकाळी मी लिहिलं: ‘तोंड घोड्याचं, शेपूट माकडाचं, राहतो समुद्रात. आमच्यात पिल्लांना जन्म आई देत नाही, बाप देतो. ओळखा मी कोण?’ खाली दुसऱ्या दिवशी उत्तर: समुद्रघोडा. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते, तो ती वाढवतो आणि वेळ भरली की पिल्लं बाहेर सोडतो.

त्या गावातले बहुतेक बाप मुंबईला. गणपतीला नि शिमग्याला उगवायचे, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायचे आणि परत जायचे. त्यामुळे मुलं या कोड्यावर फार हसली आणि ते घरोघर घेऊन गेली. बाया त्याहून जास्त हसल्या. मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायांची एक टोळी रोज सकाळी शाळेसमोरून जायची. त्यांच्यातली एक लांबूनच ओरडली, “बाई, तो घोडा आमच्या घरी पाठवा एक!”

हसण्याने कोणाचं काही बिघडलं नसतं. पण गावात एक माणूस असा होता, की ज्याची गिरणी बंद पडली आणि तो कायमचा घरी आला. त्याची बायको काजूला जायची. घर तो बघायचा. भात रांधायचा, पाचवीतल्या मुलीची वेणी घालायचा, तिला शाळेत सोडायला यायचा तेव्हा धाकटा त्याच्या खांद्यावर असायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. गावातल्या पुरुषांना त्याची लाज वाटायची, आणि आता त्यांना नाव सापडलं. एसटीच्या थांब्यावरच्या दुकानात बसलेले रिकामटेकडे त्याला बघून ओरडायचे, “काय समुद्रघोड्या, पिल्लू दूध प्यायला काय?” त्याने मुलीला सोडायला येणं बंद केलं. ती एकटी यायला लागली, वेणी वाकडी.

याच सुमारास संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. गावातले मोठे बागायतदार. मला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

“बाई, फळ्यावर अश्लील मजकूर कोण लिहितं?”

“अश्लील? प्राण्यांची माहिती मी लिहिते.”

“पुरुष बाळंत होतो, ही माहिती?”

“समुद्रघोडा होतो.”

“गावातल्या एका घरंदाज माणसाची तुम्ही बदनामी केलीत. उद्या फळ्यावर लिहा, माहिती चुकीची होती म्हणून.”

त्या घरंदाज माणसाची चेष्टा ज्या दुकानात रोज चालायची, ते दुकान अध्यक्षांच्या पुतण्याचं होतं. मी तसं स्पष्ट बोलले. आणि म्हणाले, “माहिती खरी आहे. मी चुकीची म्हणून लिहिणार नाही.” मुख्याध्यापकांनी खिडकीशी जाऊन पान थुंकलं.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून आले तर फळा पुसलेला. त्यावर मुख्याध्यापकांच्या सुरेख अक्षरात: ‘समुद्रघोड्याविषयीची माहिती चुकीची होती. जन्म नेहमी आईच देते.’ मुलं रांगेने उभी राहून ते वाचत होती. माझी नोकरी, माझा अपमान, ते राहू दे बाजूला. शाळेच्या भिंतीवर, शाळेच्या खडूने मुलांना धडधडीत खोटं सांगितलं होतं, आणि ज्याने ते लिहिलं त्याला ते खोटं आहे हे ठाऊक होतं! मी सगळ्यांदेखत पदराने तो फळा पुसला. आणि खडूने माखलेला पदर खोचून वर्गात गेले.

संध्याकाळी मी त्या माणसाच्या घरी गेले. तो पडवीत मासळी साफ करत बसला होता. मला बघून उठला नाही.

“तुम्ही लिवलाव फळ्यावर, आणि नाव पडला माजा,” तो म्हणाला. “आता आनी काय हवाय?”

“नाव त्या दुकानातल्या लोकांनी ठेवलं. मी नाही.”

“माजा डोका खाव नुको बाई. जा तुम्ही.”

तोही माझ्यावर चिडलेला, मीही त्याच्यावर. त्या नालायकांना सोडून हा माझ्यावर का डाफरतो, असं वाटलं. जाता जाता मी म्हणाले, “रविवारी रत्नागिरीला बंदराजवळच्या मत्स्यालयात मी मुलांना नेणार आहे. खरं-खोटं डोळ्यांनी बघायचं असेल तर या.” शाळेची परवानगी मी मागितलीच नव्हती.

रविवारी थांब्यावर अकरा-बारा मुलं आली. त्यांच्यामागे धाकट्याला खांद्यावर घेऊन तो. मुलीने रडून रडून आणलं असावं.

मत्स्यालयात एका काचेच्या टाकीत समुद्रघोडे होते, बोटाएवढे. शेपटीने गवताला धरून उभे. त्यातल्या एकाचं पोट टम्म फुगलेलं होतं. मुलांनी काचेला नाकं लावली. तो पुढे आला, वाकला.

“ह्यो नर?”

“हो.”

“आणि मादी खय?... कुठं गेली?”

“अंडी त्याच्याकडे सोपवली, तिचं काम झालं.”

त्याने धाकट्याला खांद्यावरून उतरवून काचेपाशी धरलं आणि म्हणाला, “मुंबैला गेली असंल.”

मुलं खिदळली. मीही हसले, त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदा. सोमवारपासून तो मुलीला पुन्हा सोडायला यायला लागला. थांब्यावरून हाक आली की थांबून म्हणायचा, “हां, बोल, काय काम हाय?” मग हाक मारणाराच दुकानात मागे सरकायचा.

फळ्यावर मात्र पुन्हा सुविचार आले. एप्रिलमध्ये मला कळवलं की पुढच्या वर्षी माझी गरज नाही. अध्यक्ष म्हणाले, “बाई शिकवतात चांगलं, पण विषय सोडून शिकवतात.” माझा विषय विज्ञान होता. मुख्याध्यापकांनी निरोपाचा चहा मागवला. मी त्यांना सरळ विचारलं, “सर, ते वाक्य लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?” ते म्हणाले, “मला तीन मुली आहेत, बाई.” या उत्तराने त्यांना दया मिळेल असं वाटलं असावं. त्यांच्या तीन मुलींनाही त्यांनी हेच शिकवलं असेल, या विचाराने मला आणखीच चीड आली. चहा तसाच सोडून मी निघाले. पुढे लांज्याला नोकरी लागली, पण ते नंतरचं.

एसटीच्या थांब्यावर तो धाकट्याला घेऊन उभा होता.

“काढलानी काय तुम्हाला?”

“हो.”

दुकानात पाच-सहा जण बसले होते. त्यांच्याकडे तोंड करून त्याने अध्यक्षांच्या नावाने अशी एक शिवी हासडली, की दुकानातला रेडिओसुद्धा कोणीतरी बंद केला. वर्गात साधं ‘गाढवा’ म्हटलेलं मला चालत नसे. त्या दिवशी मात्र त्याने तीच शिवी आणखी एकदा, जरा मोठ्याने द्यावी असं मला मनापासून वाटलं.