जनावराचा आवाज

माझे वडील मार्केटात माथाडी होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गाडी लागली की टोळीला हाक मारायचं काम त्यांचं, कारण तेवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. घरीही त्यांना हळू बोलता यायचं नाही. नेरूळच्या आमच्या छोट्या घरात ते फोनवर बोलायला लागले की साताऱ्याकडच्या सगळ्या बातम्या शेजाऱ्यांना कळायच्या.

काम सुटल्यानंतर त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याखाली श्वासासाठी एक भोक उरलं, आणि त्यावर आई रोज धुतलेल्या मऊ कापडाचा तुकडा बांधायची. ते बोलायचे म्हणजे नुसते ओठ हलायचे. आई ते वाचायला लवकर शिकली, मीही हळूहळू शिकले. परक्या माणसांसमोर मात्र आप्पा ओठसुद्धा हलवत नसत.

मी साउंडचं काम करते. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र आहे, सारसोळ्याचा. तो दिवसा जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरी करायचा आणि उरलेला सगळा वेळ सिनेमाच्या मागे. त्याने एक भयपट लिहिला होता. धरणाच्या पाण्यापलीकडच्या ओसाड जंगलात एक जनावर आहे, ते कुणी धड पाहिलेलं नाही, आणि एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत तिथे जाते. निर्माता वगैरे कुणी नव्हता, आम्ही मोजकेच मित्र होतो. जनावर म्हणजे काथ्या, फोम आणि त्याच्या घरची मासेमारीची जुनी जाळी शिवून केलेला पोशाख. उजेडात त्याला बघून कुणालाही हसू आलं असतं. त्यामुळे जनावर दाखवायचं कमी आणि ऐकवायचं जास्त, असं ठरलं. तो आवाज शोधणं माझ्याकडे आलं.

जागा आप्पांनी सुचवली. त्यांचं गाव कोयनेच्या पाण्यापलीकडे, आता दोन-चार घरांपुरतं उरलेलं. आमच्याबरोबर तेही निघाले.

"असल्या तब्येतीत कशापायी जाताय?" आई म्हणाली.

आप्पांचे ओठ हलले. एकदा बघून येतो, इतकंच.

एका सकाळी आम्ही कोरड्या ओढ्यात शूटिंग करत होतो. मी कानाला हेडफोन लावून, माईक नटीकडे धरून उभी होते. आप्पा वर उतारावर एका दगडावर बसले होते. एकाएकी हेडफोनमध्ये एक आवाज आला. फाटलेला, ओला, आतून ढकलून बाहेर काढलेला. खोकला नव्हता, डरकाळी नव्हती. मी वर पाहिलं तर आप्पा उभे होते. हात उंच, तोंड पूर्ण उघडं, गळ्यावरचं कापड बाजूला सरकलेलं. ते माझ्या मागे बोट दाखवत होते. वळले तर झाडीतून एक गवा ओढ्यात उतरलेला, अगदी जवळ. त्या आवाजाने तोही दचकला होता. क्षणभर थांबला, मग कारवीची झुडपं मोडत निघून गेला.

मी धावत वर गेले. आप्पा खाली बसून धापा टाकत होते. कापडावर थोडं रक्त होतं. त्यांनी मला हाक मारली होती, "ए पोरीऽ" अशी, नेहमी मारायचे तशी. शब्द नव्हते, पण चाल तीच होती.

संध्याकाळी मित्राने दिवसभराचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तो आवाज आल्यावर हेडफोन काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, "मी इचारू नये, पन इचारतो. आपल्या जनावराला हाच आवाज पाहिजे. तू नाय म्हन, मी परत विषय काढनार नाय."

"नाही," मी म्हणाले. "तो माझा बाप आहे. त्याचा आवाज ऐकून लोकांनी घाबरायचं?"

आप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी हात पुढे करून हेडफोन मागितले. मला द्यायचे नव्हते, पण दिले. त्यांनी ती हाक एकदा ऐकली, मग बोटाने खूण केली, परत लाव. परत ऐकली. मग माझ्या मित्रासमोर, पहिल्यांदाच, त्यांनी ओठ हलवले.

"काय म्हनतायत काका?" त्याने मला विचारलं.

"आवाज लांब जातोय म्हणतायत," मी सांगितलं. "लांब जातोय की अजून."

घरी परतल्यावर आम्ही आणखी रेकॉर्डिंग केलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गावच्या जाड वाकळी टांगल्या. आई चिडली होती. "माणसाचं जनावर करताय व्हय गं?" आप्पा खांदे हलवत हसले, आणि तिच्याकडेच तोंड करून एक जोरदार आवाज काढला. ती हातातलं भांडं आपटून आत गेली आणि आत जाऊन रडली. आप्पा लगेच दमायचे. मी थांबू या म्हटलं तरी आणखी एकदा म्हणून खूण करायचे.

मग आजार फुप्फुसात उतरला. दवाखान्यात त्यांचं एकच विचारणं असायचं, पिच्चर झाला का? मी म्हणायचे, थोडा राहिलाय. एडिटिंग अजून अर्धंही झालेलं नसताना ते गेले.

दिवस-कार्य उरकल्यावर मी कामाला बसले. लोक गेलेल्या माणसाचे कपडे आवरतात, मी आप्पांचे श्वास कापत होते. कुठे लांबवत होते, कुठे जड करत होते. ओढ्यातली हाक मात्र मी जशीच्या तशी ठेवली. सिनेमात ती ऐकून मुलगी किंचाळत जीव घेऊन पळते. ते दृश्य लावताना दर वेळी माझे पाय उलट्या दिशेला ओढ घ्यायचे.

सिनेमा आम्ही पहिल्यांदा सीवूड्सच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला, रविवारी दुपारी, काचांना काळा कागद लावून. मार्केटातली आप्पांची टोळी आली होती. आई माझ्या शेजारी बसली. ती हाक आली तेव्हा मागे कुणीतरी किंचाळलं, कुणी उगाच हसलं. टोळीतल्या एका काकांनी पागोट्यासारखा गुंडाळलेला पंचा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. आई माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तुलाच हाक मारलीया की."

त्यापुढचा सिनेमा मला दिसला नाही.

नंतर तो एक-दोन महोत्सवांत गेला, मग इंटरनेटवर टाकला. फार कुणी पाहिला नाही. जे पाहतात ते खाली विचारतात, जनावराचा आवाज कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केला? मी उत्तर देत नाही. मित्र अजून यार्डातच आहे. पुढचं काही लिहितो का विचारलं की बघू म्हणतो.

आईच्या फोनवर मी सिनेमा घालून दिलाय. ती चित्र बघत नाही. दुपारी मेथी निवडायला बसली की फोन पालथा ठेवून नुसतं ऐकते. परवा मला म्हणाली, "ती पोरगी मधीच वराडती बघ. तेवढं काढता यील का गं तुला?"

मी काढून दिलं.