साळिंदराची आखूड नडगी

पशुवैद्यक कॉलेजात त्याला सगळे हाडवाला म्हणत. तीस वर्षांत त्यानं घोड्यापासून घुशीपर्यंत सगळ्यांचे सांगाडे तारेत ओवून उभे केले होते. या खेपेला साळिंदर होतं. मागचे पाय जुळवायला घेतले अन् त्याच्या मनात पाल चुकचुकली. उजवीपेक्षा डावी नडगी बोटभर आखूड, शिवाय मधोमध ही एवढी गाठ!

हाडं उकळून धुवायचं काम मेहुण्याकडं. बायकोनं भुणभुण लावली म्हणून यानंच त्याला तीन महिन्यांमागं चिकटवलेलं. अजून कायम व्हायचा होता.

"खरं सांग, नडगी कुत्र्यानं पळवली ना? अन् ही कुठल्या पोत्यातली घातलीस?"

"दाजी, मोरीत हात घालून वेचतो मी हाडं. दातसुद्धा हरवलेला नाही."

"मग काय साळिंदरानं पाय उसना आणला?"

तेव्हापासून मेहुणा हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. संध्याकाळी हाडवाला त्याची पिशवी चाचपायचा. पाचव्या दिवशी त्यानं विभागप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला : माणूस भरवशाचा नाही, कायम करू नये. बाई दुपारी सही करणार होत्या.

बाईंना खोट दाखवायची म्हणून त्यानं ती नडगी गुडघ्यात बसवून पाहिली. डब्यावर झाकण बसावं तशी बसली. खाली घोट्यातही बसली. नखानं गाठ खरवडली, तर शेजारच्या बारीक हाडाचा तुकडा गाठीतच रुतून एकजीव झालेला. मांडीची हाडं शेजारी धरली. डावं काटकुळं, उजवं दणकट. पाय मोडून वेडावाकडा सांधलेला, अन् जनावरानं उजव्यावर भार देत दिवस काढलेले. असली हाडं त्यानं बैलांत ढिगानं पाहिली होती. या खेपेला नजर मेहुण्याच्या पिशवीतच अडकली.

तो धावतच गेला. बाईंनी पेन उघडलं होतं.

"अर्ज परत द्या बाई. नडगी त्याच जनावराची आहे. माझंच चुकलं."

मेहुणा तिथंच दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं धुतलेले पुढचे पाय मांडले आणि वही पुढं सरकवली.

"खांद्यापासून नखापर्यंत मोजून घ्या, दाजी. अन् सही करा. तुमचा काय भरवसा?"

हाडवाल्यानं एकेक हाड मोजलं, सही केली. मेहुण्यानं ती सही उजेडात धरून नीट तपासली.