जोडवी, जर आणि मानेतला डाग

एमआरआय काढायला निघालेल्या सुनेच्या पायाला जरीचा धागा बांधायचा, हे फक्त आमच्या सोलापुरातच होऊ शकतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं, रिकामटेकडेपणाची हद्द! दोन वर्षं माझा उजवा पाय फरफटत होता. मी शाळेत शिकवते; वर्गात फळ्याकडे जाताना चप्पल मागेच राहायची आणि मुली ती आणून द्यायच्या. मेंदूचा एमआरआय मात्र दर वेळी तोच: नवीन डाग नाही.

"रिपोर्ट चांगला हाय की," सासूबाई म्हणायच्या. "मग पाय का वढतीस?"

त्या अक्कलकोटकडच्या, बोलणं एकदम सरळ. मला भयंकर राग यायचा. पण खरं सांगते, शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं, आपण नाटक तर करत नाही ना?

मग नवीन डॉक्टर भेटले. ते म्हणाले, "मेंदूच्या फोटोवरून पायाचं सगळं कळत नाही. मेंदूचा निरोप पायाकडे जातो तो मानेतून, पाठीच्या कण्यातून. तिथं एवढासा डागही पुरतो. तिथलाही एमआरआय काढू."

अंगावर धातू चालत नाही, म्हणून सकाळी साबण लावून वीस वर्षांची जोडवी काढली. सवाष्णीची बोटं उघडी बघून सासूबाई कासावीस झाल्या. त्यांनी आपल्या ठेवणीतल्या लुगड्याच्या काठातून धागा ओढला आणि माझ्या बोटांना बांधला. आपण फार शहाणपणा केला, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

सेंटरच्या दारात टेक्निशियननं पायाकडे बोट दाखवलं. "हे काय चमकतंय?"

"जर हाय," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

"आज्जी, जर म्हणजे धातूच की!"

"सोनं काढलं, चांदी काढली, आता जरबी काढू? कुंकू तरी ठिवतंय का न्हाय तुमचं मशीन?"

शेवटी त्यानं बँडेजची पट्टी दिली. सासूबाईंनी तिला कुंकू लावलं आणि माझ्या बोटांवर दोन झोकदार गाठी मारल्या. मी आत गेले ती हसू दाबतच. मशीन यंत्रमागासारखं खडखडायला लागलं, मला त्या गाठी आठवल्या आणि पोट हलायला लागलं. "मॅडम, हलू नका!" पुन्हा सुरू. पुन्हा गाठी. तिसऱ्या खेपेला कसंबसं जमलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. मानेतल्या मज्जारज्जूच्या करड्या दोरीवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. दोरी तिथं थोडी बारीकही झाली होती. "पाय ओढतो तो यामुळं," ते म्हणाले.

मी टाळीच वाजवली. "आई, डाग आहे! खरंच आहे!"

औषध बदलावं लागेल, गेलेली ताकद परत येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी ते सगळं ऐकलं, तरी आनंद मावत नव्हता. आजार होता तेवढाच होता, पण आता तो इतरांनाही दिसत होता. रिक्षात मी एकटीच हसत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसल्या आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला गेले, तर हातावर चापट बसली. त्या जोडवी घालायला लागल्या.

"दुखतंय का गं?" दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"नाही आई. काही कळतच नाही तिथं."

"सांगायचंस की."

"सांगत होते."

त्या उठल्या, तेच ठेवणीतलं लुगडं आणलं आणि त्याचा काठ टर्रकन फाडला. त्याची दुहेरी पट्टी करून माझ्या चपलेला शिवली, घोट्यामागून घेऊन पुढे गाठ मारली आणि ओढून बघितली.

दुसऱ्या दिवशी मी जरीकाठी चप्पल घालून वर्गात गेले. पाय तसाच फरफटत होता, पण फळ्यापर्यंत चप्पल माझ्याबरोबर आली.