सत्तावीस नंबरचं शून्य

ऑफिसात त्याला सगळे दशांश म्हणत. कुणी वेळ विचारली की पावणेपाच वाजले असं सरळ सांगून मोकळं व्हायचं, तर हा म्हणणार, चार वाजून सत्तेचाळीस. चहात साखर किती, तर पावणेदोन चमचे. त्याच्या पाठीमागे टिंगल चाले, तोंडावरही चाले, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. आकड्यांशी त्याची गट्टी लहानपणीच जमली होती. ती कशी जमली, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

बाप कमरेचा पट्टा काढायचा. रविवारी दुपारी जेवण झालं की काढायचा, आणि कारण मागाहून शोधायचा. आई तेव्हा गेलेली होती. त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बहीण, ताई, त्याची मानगूट धरून त्याला खाटेखाली सारायची आणि स्वतः समोर उभी राहायची. खाटेखालून फक्त बापाचे पाय आणि ताईच्या टाचा दिसत. डोळे मिटले तर जास्त भीती वाटे, म्हणून तो फटके मोजत पडे. एकदा तेवीस झाले. तेविसावा तोंडावर बसला आणि ताईच्या दाताचा एक तुकडा फरशीवरून सरपटत त्याच्या हाताशी आला. ते फटके त्याच्या वाट्याचे होते, ही गोष्ट त्याच्या मनातून पुढे जन्मभर गेली नाही.

मोठा झाल्यावर तो एका सामाजिक संशोधन संस्थेत सांख्यिकीवाला म्हणून लागला. माणसांची सुखदुःखं फॉर्मवर भरून यायची आणि हा ती कोष्टकात बसवायचा. ताईचं लग्न यंत्रांच्या कारखान्यातल्या एका लेथवाल्याशी झालं होतं. भावोजी कामाला वाघ होते, एक सुट्टी घेत नसत. आणि ताईला मारत. ताई दाराच्या चौकटीवर, बादलीवर, जिन्याच्या कठड्यावर आपटत असे. निदान भावाला ती तसं सांगे. हा सगळं ओळखून होता आणि मान डोलवत होता. माझं विचाराल तर तिथेच दशांशच्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

मग त्याच कारखान्यात संस्थेने अभ्यास काढला. बायकोला मारणाऱ्या पुरुषांना कशाने आळा बसतो, हे शोधायचं होतं. एकशे वीस कामगार घेतले, चिठ्ठ्या टाकून चाळीस-चाळीसचे तीन गट केले. पहिल्या गटाला दर आठवड्याला बैठक, तिथे समुपदेशक बोलणार आणि हे बोलते होणार. दुसऱ्या गटाच्या हातात नुसती पत्रकं. तिसऱ्याला काहीच नाही. दर महिनाअखेर फॉर्मवाल्या मावशी बायकांना एकेकटं गाठून एकच प्रश्न विचारत: गेल्या महिन्यात किती वेळा मारलं? कोष्टकात नाव नाही, फक्त नंबर; बाईची सही तेवढी फॉर्मवर, आणि फॉर्म कपाटात बंद. बाई सांगेल तो आकडा चौकटीत लिहायचा, त्यात कुणी हात घालायचा नाही, आणि एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. संचालकबाईंचा हा दंडकच होता. मावशी बाईच्या मागावर कामाच्या जागी जात, नातेवाइकांकडे जात, पण फॉर्म भरूनच परत येत.

भावोजी बैठकांच्या गटात निघाले. कोष्टकात नावं नव्हती; भावोजी बैठकांना जातात, हे ताईकडूनच त्याला कळलं. त्यांनी एकही बैठक बुडवली नाही.

पाचव्या महिन्याच्या अखेरीला एका सकाळी ताई त्याच्या दारात उभी राहिली. उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी होऊन भलतीकडेच वळली होती. भावोजींनी ती दाराच्या फटीत धरली होती आणि दार लावलं होतं. तेही सावकाश, ती बघत असताना. या वेळी चौकट आणि बादली काही निघाली नाही. ताई म्हणाली, मी काही दिवस इथे राहते. त्याच्या दोन खोल्यांतली आतली खोली त्याने तिला दिली. ती पाच आठवडे राहिली. पहिल्या आठवड्यात तो घरात कुठलंही दार लावत नसे, कारण कडीचा आवाज झाला की ती हात पोटाशी धरायची.

सहाव्या महिन्याचे फॉर्म आले तेव्हा सगळ्या संस्थेचा जीव टांगणीला लागला होता. अनुदान देणारे विचारत होते, कारखाना विचारत होता. मावशींनी नंबरवार उतरवून दिलेले आकडे दशांशने भरले आणि अनोव्हा चालवला. त्यात भानगड काही नाही. तीन गटांच्या सरासरीत जे अंतर पडलं ते एका पारड्यात टाकायचं, आणि एकेका गटाच्या आत घराघरांत जी तफावत असते ती दुसऱ्या पारड्यात. पहिलं दुसऱ्याच्या किती पट भरतं, तो एफ. एकच्या आसपास आला तर गट सारखेच समजायचे, दिसणारा फरक योगायोगाचा. बैठकांच्या गटाची सरासरी आली २.३५. पत्रकांची ५.१०. काहीच न मिळालेल्यांची ५.६०. एफ आला ६.८४.

ऑफिसात लग्नघरासारखा आनंद झाला; संचालकबाईंनी पेढ्यांऐवजी बिस्किटं मागवली, एवढाच काय तो फरक. दशांशला लोक पाठीवर थापा मारत होते. त्याने आलेखावर ठिपके मांडले तेव्हा बैठकांच्या गटात तीन ठिपके पार वर टांगलेले दिसले: चौदा, सतरा, एकोणीस. बाकीचे बहुतेक खाली शून्यावर दाटीवाटीने बसले होते. हा गट जरा जास्तच फाकलाय, असं त्याच्या मनात आलं. पण गट सारख्या आकाराचे असले की एवढं चालतं, असं पुस्तकात आहे आणि ते खरंही आहे. म्हणून तो पुढे गेला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो तरंगतच. चार दिवसांपासून भावोजींचे निरोप येत होते: चुकलो, पुन्हा हात उचलणार नाही, बैठकीत सगळं समजलं. ताईने भाजी चिरता चिरता विचारलं, तुझ्या त्या अभ्यासाचं काय झालं रे? याने कागद काढून तिला तिन्ही सरासऱ्या दाखवल्या. निम्म्याहून कमी, असं तो म्हणाला. योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता हजारात दोन. ताईला त्यातलं काय समजलं देव जाणे. तिने एवढंच विचारलं,

"म्हणजे मी जाऊ?"

चाळीस माणसांची सरासरी काढली म्हणून त्यातला एक माणूस ओळखीचा होत नाही, हे तो नव्या पोरांना दर वर्षी शिकवत असे. फळ्यावर लिहून शिकवत असे. पण त्या रविवारी म्हणा की तेविसाव्या फटक्याला म्हणा, त्या खाटेखालून त्याला एकदाचं बाहेर यायचं होतं. ताईला काहीतरी चांगलं द्यायचं होतं, आणि त्याच्याकडे आकड्यांखेरीज काही नव्हतं.

"मी म्हणतो, जा," तो म्हणाला.

ती गेली. आठ दिवस बरे गेले. नवव्या सकाळी भावोजींच्या डब्याला उशीर झाला. पुढचं ताईनेच नंतर सांगितलं. बैठकीत शिकवलं होतं की राग आला की दहापर्यंत मोजायचं. भावोजींनी लेथचा मोठा पाना हातात घेतला आणि मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, प्रत्येक आकडा सुटा म्हणत. ती भिंतीला टेकून ऐकत होती. सहापर्यंत तिला वाटलं, हा थांबेल. आठला तिने दाराकडे पाहिलं, तर दाराला कडी होती. दहा म्हणून झालं आणि त्यांनी पाना चालवला. पहिल्याच घावात जबडा मोडला, दुसऱ्यात डावा डोळा गेला. ती पडल्यावर त्यांनी बुटाने बरगड्या तुडवल्या. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा भिंतीवर खांद्याच्या उंचीपर्यंत रक्त होतं आणि भावोजी हात धूत होते.

दशांश पोहोचला तेव्हा ताईला दवाखान्यात नेलं होतं. शेजाऱ्यांनी भावोजींना जिन्याच्या पायरीवर दाबून बसवलं होतं, पोलीस यायचे होते. त्याला बघून भावोजी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी एकही बैठक चुकवली नाही. विचारा त्यांना."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात कमरेकडे कधी गेला ते त्याला कळलं नाही. पट्टा बाहेर आला आणि त्याने तो बकलाकडून चालवला. तोंडावर, कानावर, वर केलेल्या हातांवर. कातडं फाटलं, एक नाकपुडी उलगडली, शेजारीच ओरडायला लागले. तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटत होतं. किती मारले, ते त्याने आयुष्यात पहिल्यांदाच मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातलं फॉर्मांचं कपाट उघडलं. ताई कुठला ठिपका, हे त्याला बघायचं होतं. वर टांगलेल्या तिघांपैकीच एक असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. चौदा पाहिला, सतरा पाहिला, एकोणीस पाहिला. तिन्ही फॉर्मांवर तिसऱ्याच बायकांच्या सह्या. मग त्याने गठ्ठा सुरुवातीपासून घेतला. सत्तावीस नंबरच्या फॉर्मवर सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा होता आणि शेजारी मावशींची टीप: उजव्या हाताला प्लास्टर. चौकटीत आकडा होता शून्य.

मावशींना विचारलं तर त्या गोंधळल्या. त्या तुमच्याच घरी होत्या ना, असं म्हणाल्या. मी तिथे येऊन विचारलं, तुम्ही ऑफिसात होता. ताई म्हणाल्या, या महिन्यात एकदाही नाही. मी लिहिलं. खोटं कुठे आहे?

खोटं कुठेच नव्हतं. बैठकांच्या गटात सव्वीस शून्यं होती. दोघांनी बसून एकेक फॉर्म तपासला; कुठली बाई कुठे भेटली, ते मावशींना आठवत होतं. सव्विसांपैकी सतरा बायका त्या महिन्यात नवऱ्याच्या घरी नव्हत्याच. कुणी भावाकडे, कुणी मैत्रिणीकडे, दोघी दवाखान्यात. मावशींनी बायकांच्या तोंडून ऐकलं होतं: चारचौघांत बोलतं केलेले पुरुष घरी येऊन त्याची वसुली करत होते, आणि बायका पळत होत्या. पळालेल्या बाईला मार बसत नाही. त्याने त्या सतरा आणि इतर गटांतल्या तशाच चार काढून पुन्हा मांडणी केली. बैठकांची सरासरी ४.०९ झाली. एफ १.०७. ताईच्या शून्याने सरासरी खाली आणली होती, आणि त्या सरासरीवर बोट ठेवून त्याने ताईला परत पाठवलं होतं.

संचालकबाईंनी ऐकून घेतलं. अहवाल कारखान्याकडे पोहोचला होता, बैठका आता सगळ्यांना सक्तीच्या होणार होत्या. बाई घरी होती का, हा प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये नव्हता, त्यामुळे मागाहून बायका वगळणं नियमात बसत नाही, असं त्या म्हणाल्या. तो टेबलावर हात आपटून ओरडला. त्याला इतकं मोठ्याने बोलता येतं, हे ऑफिसला त्या दिवशी कळलं. त्याने राजीनामा लिहून तिथेच टाकला.

महिनाअखेरीला मावशी दवाखान्यात आल्या. सातव्या महिन्याचा फॉर्म राहिला होता. त्या दारातच रेंगाळल्या, पण ताईने त्यांना हाताने जवळ बोलावलं. जबडा तारांनी बांधलेला होता, डाव्या डोळ्याच्या जागी कापूस. मावशींनी खाली मान घालून विचारलं, गेल्या महिन्यात किती वेळा?

ताईने एक बोट वर केलं.

पहिल्या महिन्यात तिने आठ सांगितले होते. आठाचा एक झाला, म्हणजे संस्थेच्या हिशेबी ताईचं घर सुधारलं होतं. मावशींनी दशांशकडे पाहिलं. तो म्हणाला, लिहा, खरं आहे ते. मावशींनी एक लिहिला आणि डोळे पुसत त्या बाहेर गेल्या.

मग ताई बोलली. दात आवळलेले, एकेक शब्द तारांतून गाळून येत होता. "ते जामिनावर सुटलेत. निरोप आलाय. पुन्हा बैठकांना जातो म्हणतात." जरा दम घेऊन तिने विचारलं, "तुझा कागद काय म्हणतो?"

"कागदाला काही कळत नाही, ताई. मला कळलं नाही. मी तुला मार खायला पाठवलं." तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता. "नको जाऊस. मी सांगतो, नको."

ताईने उरलेला डोळा त्याच्यावर रोखला.

"मागच्या वेळीही तूच सांगितलं होतंस," ती म्हणाली.